झाडावरच्या मुंग्या कशा पाहाव्यात: काजूच्या भाटासाठी, कुळागरासाठी (पोफळी-मिरीच्या बागेसाठी) आणि परसासाठी

काजूच्या किंवा आंब्याच्या खोडावर मुंग्यांची रांग दिसली की बहुतेकांचा हात आधी पावडरीच्या डब्याकडे जातो. त्याआधी अर्धा तास त्या रांगेला द्या, एवढंच माझं सांगणं आहे. मुंगी झाडावर उगाच चढत नाही. वर कुठे तरी गोड रस असतो, शिकार असते, जखमेतून गळणारा डिंक असतो, नाही तर राहायला पोकळ फांदी असते. मुंग्या मारल्या तरी यातलं काहीच हलत नाही. शिवाय कित्येक झाडांची राखण मुंग्याच करत असतात. त्या गेल्या की महिन्याभरात दुसरीच कीड येऊन बसते.

तयारी आणि वेळ

दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोबाइल, पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या, मऊ ब्रश, थोडा कापूस आणि वही एवढं पुरेसं आहे. सकाळी सात ते साडेनऊ ही सगळ्यात चांगली वेळ. एप्रिल-मेमध्ये दुपारी साल इतकी तापते की रांगा जवळजवळ बंद पडतात आणि झाडावर मुंग्याच नाहीत असा गैरसमज होतो. मोठे डोंगळे मात्र रात्रीचे कामगार. त्यांच्यासाठी अंधार पडल्यावर जावं आणि बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावावा. लाल उजेड मुंग्यांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे त्या बिचकत नाहीत.

पायात बंद बूट हवेत. काजूखालच्या पाचोळ्यात फुरसं असू शकतं आणि मुंग्या बघताना आपली नजर खोडावर असते, पायाकडे नसते. पँटचे पाय मोज्यात खोचा.

आधी मुंगी कोणती ते ठरवा

जातीचं शास्त्रीय नाव कळायलाच हवं असं नाही. आपल्याकडे झाडांवर वरचेवर भेटणारे पाचेक प्रकार ओळखता आले तरी अर्धं काम होतं.

हुमले सगळ्यांना माहीत आहेत. तांबूस-केशरी, लांब पायांचे, जिवंत पानं जोडून घरटं करणारे. पानं ओढून धरणारी एक फळी असते आणि दुसऱ्या फळीतले कामकरी आपल्याच अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने पानांच्या कडा शिवतात. या अळ्या ते रेशीम घरट्यासाठी देतात, स्वतःभोवती कोष विणत नाहीत. एकाच वसाहतीची घरटी आजूबाजूच्या अनेक झाडांवर पसरलेली असतात. म्हणून एक घरटं तोडलं म्हणजे हुमले संपले असं होत नाही.

काळ्या-तपकिरी, मध्यम आकाराच्या मुंग्या डिवचल्यावर पोट डोक्यावर उचलत असतील आणि ते पोट वरून बदामाच्या आकाराचं, टोकदार दिसत असेल, तर त्या क्रिमॅटोगॅस्टर. फांदीवर चघळलेल्या लाकडाचा, काळपट, खरबरीत गोळा दिसतो ते त्यांचं घरटं. तांबूस रंगाचा एक सुतार पक्षी याच चालत्या घरट्यात भोक पाडून स्वतःची अंडी घालतो, त्यामुळे रिकामा वाटला तरी असा गोळा पाडू नये.

डोंगळे मोठे, काळे किंवा तांबूस, एकेकटे फिरणारे. ते कुजक्या लाकडात पोखरून राहतात, पण लाकूड खात नाहीत.

सडपातळ, लांबुळकी, डोकं आणि पोट काळं आणि मधला भाग विटकरी अशी मुंगी सुक्या फांदीच्या भोकातून ये-जा करताना दिसली तर बोट लावू नका. ही टेट्रापोनेरा. हुमल्याचा चावा आणि त्यावर टाकलेलं आम्ल झोंबतं आणि थोड्या वेळाने शमतं. हिचा मात्र खरा डंख असतो आणि काही माणसांना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी होते. डंखानंतर श्वास लागला, ओठ सुजले किंवा अंगभर गांधी उठल्या तर घरगुती उपायात वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठा.

पाचवी पिवळट, अतिशय लांब पायांची आणि वेड्यावाकड्या धावणारी. तिला यलो क्रेझी अँट म्हणतात. ती जिथे माजते तिथून बाकीच्या मुंग्या हळूहळू नाहीशा होतात, म्हणून दिसली की नोंद करून ठेवा.

रांगेची दोन्ही टोकं शोधा

हीच खरी पायरी आणि लोक नेमकी हीच टाळतात. एका जागी, डोळ्यांच्या उंचीवर, खोडाजवळ उभे राहा. जाणाऱ्या मुंग्या बघू नका, परतणाऱ्या बघा. दहा-पंधरा मुंग्या ओळीने भिंगाखालून जाऊ द्या आणि त्यांचं पोट पाहा. उपाशी मुंगीच्या पोटावरच्या पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या असतात आणि पोट एकसलग गडद दिसतं. पोटभर रस प्यालेल्या मुंगीचं पोट फुगतं, पट्ट्या दूर सरकतात आणि त्यांच्यामधली फिकट त्वचा गोलाकार रेघांसारखी दिसते. उन्हाच्या दिशेने बघितलं तर पोट अर्धपारदर्शक वाटतं. वर जाणाऱ्या सडपातळ आणि खाली येणाऱ्या फुगीर, तर अन्न वर आहे आणि ते द्रव आहे. खाली येणाऱ्यांच्या तोंडात कीटकांचे पाय, पंख, अळीचे तुकडे असतील तर वर शिकार चालली आहे. दोन्हीकडच्या सारख्याच दिसल्या तर झाड नुसता रस्ता असू शकतो: जमिनीवरून पलीकडच्या झाडावर किंवा कौलांवर जाण्याचा.

मग रांगेमागून वर चला. फांद्या फुटतात तिथे प्रत्येक फाट्यावर थांबून जास्त वर्दळ कुठे आहे ते मोजा. एका मिनिटात किती गेल्या एवढी साधी मोजणी चालते. वरचं दिसत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा. खालचं टोकही शोधा, कारण काही वेळा घरटं शेजारच्या बांधात असतं आणि अन्न मुळांवर. पोफळीवर चढवलेल्या मिरीच्या वेलीच्या बुंध्यात भुसभुशीत माती वर आलेली आणि मुंग्या आत-बाहेर करताना दिसल्या तर माती बोटाने हलकेच उकरा. मुळांवर पिठ्या ढेकणाची पांढरी पूड सापडू शकते.

अन्न कुठून येतं

सर्वांत मोठा स्रोत म्हणजे रस शोषणाऱ्या किडींनी टाकलेला गोड चिकटा. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड, तुडतुडे यांना झाडाच्या रसातली साखर गरजेपेक्षा जास्त मिळते. उरलेली त्या मागून थेंबाथेंबाने सोडतात. मुंगी मिशांनी माव्याच्या पाठीवर टकटक करते, मावा थेंब सोडतो, मुंगी तो पिते. बदल्यात ती ढालकिडे आणि इतर शत्रू हाकलते.

हा स्रोत खालून वर शोधावा. ज्या पानाच्या वरच्या बाजूला चिकट चकाकी आहे त्याच्या बरोबर डोक्यावरचं पान उलटून बघा. कीड तिथे पाठीमागे असते. चिकटा जुना झाला की त्यावर काळी बुरशी धरते. ओल्या अंगठ्याने ती पुसली जाते आणि खाली पान हिरवं निघतं. पानावरचा रोगाचा डाग असा पुसला जात नाही. आंब्याला मोहोर आल्यावर तुडतुड्यांमुळे हे सगळं एकदम दिसतं.

पिठ्या ढेकणाच्या थव्यात आणखी दोन पाहुणे असतात आणि त्यांना ओळखणं फार महत्त्वाचं आहे, कारण दोघेही पांढरे दिसतात आणि फवारणीत पहिले मरतात. एक क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी. तिच्या अंगावर मेणाचे लांब पांढरे दोरे असतात, ती पिठ्या ढेकणापेक्षा मोठी असते आणि चटचट चालते. दुसरी एपफ्लाय या लहान फुलपाखराची अळी, अंगावर पिठ्या ढेकणाचीच पूड घेऊन त्यांच्यातच सरपटणारी आणि त्यांनाच खाणारी. तिचा कोष माकडाच्या तोंडासारखा दिसतो, तो एकदा पाहिला की विसरत नाही. थव्यात हलणारा पांढरा ठिपका दिसला तर दोन मिनिटं भिंग धरा.

काही मुंग्या या किडींवर छप्पर घालतात. क्रिमॅटोगॅस्टर कोवळ्या फांदीवर किंवा फळाच्या देठाशी काळपट कागदासारखा पापुद्रा बांधते, हुमले रेशमी आडोसा करतात, छोट्या मुंग्या माती लिंपतात. वाळवीच्या मातीशी याची गल्लत होते. वाळवीची नळी जमिनीतून निघून सुक्या सालीवरून वर जाते आणि फोडली की आत मऊ, पांढुरकी वाळवी पळताना दिसते. मुंग्यांचं छप्पर हिरव्या भागावर तुटक तुकड्यात असतं आणि फोडल्यावर खाली खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण बसलेले दिसतात.

दुसरा स्रोत झाड स्वतः देतं. फुलाबाहेरच्या मधुग्रंथी अनेक झाडांना असतात. काजूच्या कोवळ्या पानांवर आणि मोहोरावर त्या आहेत. गोव्याचा राज्यवृक्ष मट्टी, म्हणजे इतरत्र ज्याला ऐन म्हणतात तो. त्याचं पान उलटा आणि देठाजवळ मधल्या शिरेला बघा, एक-दोन उठावदार ग्रंथी दिसतील. एरंडाच्या देठावर, पांगाऱ्याला, चवळीला, कृष्णकमळालाही त्या असतात. कीड कुठेच नाही, पान स्वच्छ आहे आणि तरी मुंग्या ठरावीक जागी तोंड लावून थांबतात, असं दिसलं की मधुग्रंथी समजा. यात उपाय करण्यासारखं काही नाही. झाड मधाच्या मोबदल्यात पहारेकरी ठेवत असतं.

तिसरी जागा जखम. काजूच्या बुंध्याशी मुंग्या जमल्या असतील तर भोकं, बाहेर आलेला चघळलेला भुसा आणि डिंक तपासा. तो रोठा, म्हणजे खोड पोखरणारी अळी, असू शकतो आणि तो झाड मारतो. डोंगळ्यांनी बाहेर टाकलेला भुसा कोरडा, सुटा असतो आणि त्यात कीटकांचे पाय, डोकी असा कचरा मिसळलेला असतो. रोठ्याचा भुसा ओलसर, दाबलेला, डिंकात माखलेला असतो. पहिला प्रकार म्हणजे लाकूड आधीच कुजलं होतं एवढंच. दुसरा दिसला तर त्याच दिवशी साल तासून अळी शोधावी.

बाकी शिकार. औदुंबराच्या कच्च्या फळांवर हुमले नुसतेच फिरताना दिसतात तेव्हा ते फळात अंडी घालायला येणाऱ्या बारीक गांधीलमाशा पकडत असतात. पिकून पडलेली काजूची बोंडं आणि फुटलेले फणस यांच्यावरच्या गर्दीबद्दल वेगळं सांगायला नको.

नेहमीपेक्षा वेगळं वागणं

विचित्र वाटतं ते सगळंच विचित्र नसतं. रांग एकाच दिशेने चालली आहे आणि तोंडात पांढरे दाणे आहेत, तर मुंग्या बिऱ्हाड हलवत आहेत. ते दाणे अंडी नसून बहुतेक अळ्या आणि कोष असतात. पाऊस येणार असा अर्थ लगेच काढू नये. घरट्यात पाणी शिरणं, ऊन वाढणं, शेजारचा हल्ला, कोणी फांदी तोडणं, यांतलं काहीही कारण असू शकतं. एक मुंगी दुसरीला जबड्यात धरून, मुटकुळं करून नेताना दिसते तीही बहुधा भांडण नसून वाहतूक असते. काळ्या, खरबरीत, मोठ्या डायाकॅमा मुंग्या जोडीने जातात: पुढची वाट दाखवते, मागची मिशांनी तिला स्पर्श करत चालते. मागची उचलून बाजूला ठेवली तर पुढची थांबून वाट बघते. याच डायाकॅमाच्या बिळाच्या तोंडाशी पक्ष्यांची पिसं आणि मेलेल्या मुंग्या रचलेल्या दिसल्या तर दहिवर पडलेल्या सकाळी जाऊन बघा. पिसांवर दव धरतं आणि मुंग्या ते पितात. भारतातल्या मुंग्यांची ही सवय 1985 साली शास्त्रीय लेखातून नोंदवली गेली आहे. बुंध्याजवळची ही गर्दी म्हणजे अन्न नव्हे, पाणी.

चकचकीत काळ्या मुंग्यांचा जाड पट्टा पाचोळ्यातून वेगाने जातो, झाडाच्या बुंध्याशी किंवा रोयणीपाशी (वाळवीच्या वारुळापाशी) थांबतो आणि परत येताना प्रत्येकीच्या तोंडात वाळवी असते. ही लेप्टोजेनिस नावाच्या मुंग्यांची धाड. बाजूला व्हा आणि त्यांना जाऊ द्या, त्या तुमचंच काम करत आहेत.

पाचोळ्यात किंवा फांदीवर हुमल्यांचे गुंते दिसतात, पाय ओढून एकमेकांना ताणून धरलेले, खाली मेलेल्यांचा सडा. दोन वसाहतींच्या हद्दीचं हे युद्ध. हद्द कुठून जाते ते लिहून ठेवा, कारण ज्या झाडावर दोघांचा वाद चालू असतो तिथे राखण धड होत नाही.

एकटा हुमला रांगेच्या बाजूने, थोडा थबकत चालतो आहे आणि त्याचा पुढचा भाग लांबट आहे, जणू त्याने दुसरा हुमला तोंडात धरला आहे. पाय मोजा. आठ भरले तर तो कोळी: हुमल्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्या उडी मारणाऱ्या कोळ्याचा नर. पुढचे दोन पाय तो मिशांसारखे हवेत धरतो. दुसरा एक खेकडा-कोळी हुमल्याचं रूप घेऊन हुमलेच खातो.

गोल गोल फिरणाऱ्या मुंग्यांबद्दल मला बरेचदा विचारलं जातं. माग चुकून आपल्याच वासामागे चक्राकार फिरत मरणाऱ्या मुंग्यांचं वर्णन थिओडोर श्नाइर्ला यांनी 1944 साली प्रसिद्ध केलं, पण ते अमेरिका खंडातल्या लष्करी मुंग्यांचं. आपल्या परसात मुंग्या खोडाभोवती फिरताना दिसल्या तर आधी खोडावर ग्रीस, दोरी किंवा चुन्याचा पट्टा आहे का बघा. त्या ओलांडायची जागा शोधत असतात. भांड्याच्या काठावरही हेच होतं.

मुंग्या थरथरत आहेत, उलट्या पडून पाय झाडत आहेत आणि खाली इतर कीटकही मेलेले आहेत, तर ती विषबाधा. शेजारच्या बागेत फवारणी झाली का विचारा आणि त्या झाडाची भाजी, फळं तोडणं थांबवा. याउलट ओल्या रानात एखादा डोंगळा पानाच्या पाठीमागे, शिरेला जबडा रुतवून मेलेला असेल आणि मानेतून बारीक देठ बाहेर आलं असेल, तर ते ऑफिओकॉर्डिसेप्स या बुरशीचं काम. थायलंडमधल्या 2009 सालच्या अभ्यासात असे डोंगळे जमिनीपासून सरासरी 25 सेंटिमीटर उंचीवर सापडले होते, त्यामुळे शोधायचं तर गुडघ्याखालच्या पानांत. फोटो काढा, पान तोडू नका.

आमिष लावून खात्री करा

वर चढता येत नसेल तर खाली चार पट्ट्या लावा. एकीवर साखरेच्या पाण्यात भिजलेला कापूस (अर्धा कप पाण्यात एक चमचा), दुसरीवर बांगड्याचा नखाएवढा तुकडा, तिसरीवर खोबरेल, चौथीवर चिमूटभर मीठ घातलेलं पाणी. पट्ट्या हातभर अंतरावर, रांगेपासून थोड्या बाजूला. दहा, तीस आणि साठ मिनिटांनी मुंग्या मोजा. साखरेला कोणी विचारत नाही आणि माशावर झुंबड आहे, तर वर गोड भरपूर आहे, चिकट्याचा शोध नेटाने घ्या. साखरेवर तुटून पडल्या तर वरचा गोडवा कमी पडतो आहे. माशाला जास्त मागणी म्हणजे घरट्यात वाढत्या अळ्या. मोठ्यांना साखर चालते, अळ्यांना प्रथिनं लागतात. एका दिवसाच्या निकालावर जाऊ नका, आठवड्याने पुन्हा लावा.

मग काय करायचं

काजूवर हुमले असतील तर राहू द्या, असं मी ठामपणे सांगतो. ढेकण्या, ज्याला टी मॉस्किटो बग म्हणतात, कोवळ्या पालवीवर आणि मोहोरावर सोंड खुपसतो, काळे चट्टे पडतात आणि मोहोर जळाल्यासारखा सुकतो. हुमले त्याला टिकू देत नाहीत. काजूवर या उपयोगाचा अभ्यास भारतात आणि ऑस्ट्रेलियात झाला आहे. चावतात ही तक्रार खरी, पण आपल्याकडे बोंडू पिकून पडल्यावरच वेचतात, झाडावर चढावं लागत नाही. आंब्याचा प्रश्न वेगळा. तिथे काढणीच्या आधी ठरावीक फांद्यांवरची घरटी पहाटे, हुमले थंड असताना, लांब काठीने उतरवून दुसऱ्या झाडावर ठेवता येतात.

पेरू, सीताफळ, जास्वंद यांवर मुंग्या पिठ्या ढेकणाची राखण करत असतील तर मात्र मुंग्यांची वाट तोडा. खोडाला वीतभर रुंद प्लास्टिकचा पट्टा गुंडाळून वर-खाली सुतळीने बांधा, सालीतल्या फटी मातीने बुजवा आणि ग्रीस प्लास्टिकवर लावा, सालीवर नको. शेजारच्या झाडाला, भिंतीला, वायरीला टेकलेली प्रत्येक डहाळी छाटा. एक राहिली तरी पट्टा फुकट. मुंग्या हटल्या की ढालकिडे आणि एपफ्लायच्या अळ्या थवे साफ करायला लागतात. आठ-पंधरा दिवस थांबा आणि मगच फवारणीचा विचार करा.

वहीत तारीख, वेळ, झाड, उंची, ऊन-पाऊस, परतणाऱ्यांच्या तोंडात काय होतं आणि मिनिटाची मोजणी लिहा. फोटो तीन हवेत: मुंगी बाजूने, मुंगी वरून, आणि आजूबाजूची फांदी दिसेल असा. ओळख पटत नसेल तर ते आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाका. रोठा किंवा मिरीच्या मुळांवरची कीड असेल तर नमुना डबीत घालून तुमच्या भागातल्या कृषी कार्यालयात न्या, आणि सोबत वहीचं ते पानही न्या. मेच्या शेवटी, पहिल्या सरींनंतर आणि पुन्हा गणेश चवथीच्या आसपास त्याच झाडांची फेरी करा. पंखवाल्या मुंग्या पहिल्या सरींनंतर खोडावर दिसतील; मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि कंबर बारीक असेल तर मुंग्या, मिशा सरळ आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतील तर वाळवी.